देवरे बाई आणि आठवी 'क'ची किल्ली

श्रीमती इंदुमती देवरे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात भांडणानं करू नये हे मलाही कळतं. पण या ग्रंथाच्या संपादक मंगला यांनी मला फोनवर आधीच बजावलं होतं, "सर, गोडगोड लिहू नका. बाईंना ते आवडत नाही, आणि तुम्हाला ते जमत नाही." या मंगला कोण, ते पुढे येईलच. तर भांडणापासूनच सुरू करतो.

यावल रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवत असे. अख्खं गाव मला 'ड्रिलचे सर' म्हणे. बाई आमच्या संस्थेच्या धुळ्याच्या शाळेतून बदलून आल्या त्या गणिताच्या शिक्षिका म्हणून. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. कबड्डीच्या तालुका स्पर्धा तोंडावर आलेल्या. मी आदल्या संध्याकाळी अर्धं पोतं चुन्याची फक्की खर्चून झकास मैदान आखून ठेवलं होतं. सकाळी येऊन बघतो तर काय, माझ्या मैदानावर पांढऱ्या चौकटीच चौकटी! एकेका चौकटीत एकेक पोरगं उभं, आणि मधोमध पदर खोचून एक बाई ओरडताहेत, "उणे तीन, अधिक दोन! पळा!"

माझं डोकंच फिरलं. मी फाटकातूनच ओरडलो, "ओ बाई! हे मैदान आहे, फळा नाही!"

बाई म्हणाल्या, "खरं आहे सर. पण फळ्यावर पोरं मावत नाहीत ना."

मी तोंडाला येईल ते बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रागावू नका भाऊ. उद्या सकाळी मी स्वतः आखून देते." दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्या सुतळी, खुंट्या आणि फक्की घेऊन हजर. त्यांनी आखलेल्या मैदानाचे चारही कोपरे असे काटकोनात बसले होते की, माझं आजवरचं मैदान वाकडं असायचं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. शब्द पाळणं म्हणजे काय, ते बाईंनी असं पहिल्याच आठवड्यात दाखवून दिलं. तेव्हापासून फक्कीच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असायची.

पुढच्या वर्षी शाळेत संगणक आले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आज जळगावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसतात. तेव्हा आमच्या भागात संगणक हा शब्द फक्त वर्तमानपत्रात होता. एका सरकारी योजनेतून दोन यंत्रं मिळाली. कळफलक आणि यंत्र एकाच पेटीत, समोर टीव्हीसारखा पडदा, सोबत कॅसेट लावायचा टेपरेकॉर्डर. उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. उन्हात कोण जातो म्हणून सगळ्यांनी अंग चोरलं, बाई गेल्या. येताना त्या एवढ्या खुशीत होत्या की एसटीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "सर, हे यंत्र अगदी आपल्या पोरांसारखं आहे. सांगितलं तेवढंच करतं. नीट सांगावं मात्र लागतं." मी म्हटलं, "मग आमची पोरं वेगळी असतील. सांगितलेलंसुद्धा करत नाहीत."

संगणकांचा थाट विचारू नका. प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी करून चुना दिला, खिडक्यांना निळे पडदे लावले. चपला बाहेर, पाय पुसायचे, हात धुवायचे, मगच आत. शिवणाच्या बाईंनी दोन्ही यंत्रांना फुलाफुलांच्या कापडाची झबली शिवली. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू, रोज सकाळी त्या खोलीत उदबत्ती लावून येत. माणूस भला होता. पण यंत्राला हात लागला की ते बिघडतं आणि न लावला की टिकतं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटीपूजन व्हायचं. सुतारकामाची हत्यारं, प्रयोगशाळेतला तराजू, माझी शिट्टीसुद्धा पाटावर मांडली जायची. त्या वर्षी मान संगणकांचा. खोली सजवायचं काम माझ्या वर्गाकडे होतं, आठवी 'क'कडे.

आठवी 'क' म्हणजे काय, हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना सांगायला नको. 'अ'मध्ये हुशार, 'ब'मध्ये बरे, आणि उरलेला गाळ 'क'मध्ये, असा तेव्हाचा रिवाज. वर्गशिक्षकही त्याला शोभेल असाच नेमलेला, म्हणजे मी. सकाळी केळीच्या बागेत पाणी धरून शाळेत येणारी, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या वाड्यांवरून चालत येणारी पोरं. आणि या सगळ्यांची पुढारी मंगला. एकदा नापास होऊन पुन्हा आठवीतच बसलेली. तोंडानं अशी फटकळ की मॉनिटर तिला घाबरून तिचं नाव फळ्यावर लिहीत नसे. हीच मंगला आज बोदवडला शिक्षिका आहे आणि मला लेख कसा लिहायचा ते शिकवते!

तर पोरांनी झेंडूची तोरणं बांधली, रांगोळी काढली. मोठ्या सरांनी यथासांग पूजा केली. नारळ, हळद, कुंकू, अक्षता, फुलं, काही कमी नाही. संस्थेचे अध्यक्ष नाना आले होते. त्यांना दाखवायला म्हणून त्यातला एक संगणक सुरू केला, आणि पडद्यावर इंग्रजी 'एम' अक्षर उमटलं. एकदा नाही, एकामागून एक. एक ओळ भरली, दुसरी भरली, सगळा पडदा भरला, तरी थांबेना! बंद करून चालू केला, पुन्हा तेच. शिपाई गणपतभाऊ दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "सर, याच्या अंगात आलं!" मोठ्या सरांनी घाबरून भिंतीतली पिनच उपटली. यंत्राला झबलं चढवून, उचलून, कपाटात उभं करून कुलूप लावलं.

दिवाळीनंतर बाहेर काढलं तर यंत्र ठणठणीत. मोठ्या सरांचा निष्कर्ष तयारच होता. "त्या दिवशी खोलीत कोण होतं? 'क' तुकडी. काहीतरी पिळलं असणार, दाबलं असणार. ती गेली, यंत्र बरं झालं." त्यांनी सूचना काढली की 'क' तुकडीनं संगणकाच्या खोलीची पायरी चढायची नाही, आणि किल्ली 'अ' तुकडीकडे राहील.

सूचना वर्गात मीच वाचून दाखवली. मंगला उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमी तं फकस्त तोरन बांधलं." मला तिच्याकडे बघवेना.

मधल्या सुट्टीत बाई तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या, मी त्यांच्या मागे. मोठे सर म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा, मग यंत्राला झालं काय होतं?"

बाई एरवी शुद्ध बोलतात. पण चिडल्या की त्यांचं धुळ्याकडचं गाव बोलायला लागतं. म्हणाल्या, "काय झायं ते माले माहीत नही. पन पोरेसनी करेल नही, हाई माले माहीत शे!" पोरांनी केलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्या पुन्हा शाळेच्या मराठीत आल्या. "सर, स्नेहसंमेलनात आठवी 'क' सगळ्या गावासमोर संगणक चालवून दाखवेल. स्वतःचा प्रोग्राम, स्वतःच्या हातानं. दाखवला तर किल्लीवर त्यांचाही हक्क. नाही जमलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

मोठे सर म्हणाले, "चालेल. पण त्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला. "बाई, पाण्यात न उतरता पोहायला शिकवणार?" त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे फक्की किती आहे?"

पुढचे ते आठवडे मी जन्मात विसरणार नाही. माझ्या ड्रिलच्या तासाला मैदानाचाच संगणक झाला. फक्कीच्या चौकटी म्हणजे यंत्राच्या डोक्यातले कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक पोरगं, हातात पाटी. बाईंनी आकडा सांगितला की पाटीवर लिहायचा, नवा सांगितला की जुना पुसायचा. एका पोरानं नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहिला तर बाकीचे ओरडले, "पूस ना भो, कप्प्यात एकच मावतो!" यंत्र शून्यापासून मोजतं हे कुणाच्या गळी उतरेना. बाईंनी विचारलं, "खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला काय म्हणतात?" सगळा वर्ग ओरडला, "लाभ!" "मग? आपण 'एक' म्हणतो का? प्रत्येकाची मोजायची आपली रीत असते." झालं, शून्याची भीती गेली.

एके दिवशी बाईंनी मलाच संगणक केलं. अट अशी की पोरं सांगतील तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. एक मुलगा म्हणाला, "डावीकडे वळा. चाला." मी वळलो आणि चालू लागलो. समोर फाटक होतं. 'थांबा' कुणी म्हणेचना. मी फाटकातून बाहेर, रस्त्यावर, एसटी थांब्यावरून पुढे, चहाच्या टपरीसमोरून, हात हलवत कवायतीच्या चालीनं चाललोय! टपरीवरची माणसं विचारताहेत, "काय सर, कुठे?" मी उत्तर देऊ शकत नाही, सांगितलेलं नाही ना. शेवटी मंगला धावत आली आणि धापा टाकत ओरडली, "थांबा!" तेव्हा थांबलो.

वर्गात परतल्यावर बाईंनी मुलांना विचारलं, "सरांना वेड लागलं होतं का?" पोरं हसली, "नाही बाई." "मग ते का थांबले नाहीत?" "आपन थांबा म्हटलंच नाही." बाई म्हणाल्या, "हे लक्षात ठेवा. यंत्राला वेड लागत नाही. ते काही करत असेल तर कुणीतरी त्याला ते सांगितलंय. कुणी सांगितलं, ते शोधायचं." मी तेव्हा घाम पुसत होतो, त्यामुळे हे वाक्य किती मोलाचं आहे याकडे माझं लक्ष गेलं नाही.

हात बसावा म्हणून बाईंनी किराणा दुकानातून बिस्किटांचे खोके आणले आणि पुठ्ठ्यावर हुबेहूब कळफलक काढून दिले. पोरं बागेत, बांधावर, एसटीत पुठ्ठे मांडीवर घेऊन बोटं चालवायची. इंग्रजीत काठावर पास होणारी पोरं 'प्रिंट', 'इनपुट' ही स्पेलिंगं डोळे मिटून मारत होती. त्यांच्या घरच्यांना वाटे, पोराला काहीतरी झालंय.

प्रोग्राम कसला करायचा, तेही बाईंनी मुलांवरच सोपवलं. वर्गात गलका झाला. एक म्हणे क्रिकेट, दुसरा म्हणे केळीचे घड. मंगलानं सुचवलं, "बाई, कानबाईचे रोट!" श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू काढतात. दरवर्षी घरोघरी बायका बोटांवर हिशेब करतात आणि दरवर्षी वाद होतात. माणसं किती ते यंत्रानं विचारायचं आणि मुठी किती ते सांगायचं. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजवली. पुस्तकातली उदाहरणं त्यांनी त्या दिवशी मिटून ठेवली ती ठेवलीच.

बाईंची शिकवायची एक खोड सांगायलाच हवी. मूल काही करत असलं की त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. मूल चुकत असलं, अडलं असलं, अगदी रडकुंडीला आलं असलं तरी हात पाठीमागेच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सर, माझे हात फार आगाऊ आहेत. मोकळे सोडले की पोराच्या हातातली पेन्सिल ओढून घेतात." गेल्या तीस वर्षांत मी पुष्कळ चांगले शिक्षक पाहिले, पण स्वतःच्या हातांवर असा पहारा ठेवणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

याच दिवसांत माझ्या पत्नीला जळगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. माझी नुसती धावपळ. बाईंनी न विचारता माझे ड्रिलचे तास घेतले. गळ्यात माझी शिट्टी, पदर खोचलेला, आणि "सावधान!" अशी आरोळी की रस्त्यावरची माणसं उभी राहायची. संध्याकाळी असोद्याच्या एका मोटारसायकलवाल्या पालकाच्या हाती दवाखान्यात डबा यायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. माझी पत्नी अजून म्हणते, मी औषधानं नाही, देवरे बाईंच्या भरतानं उठले. मी आभार मानायला गेलो तर बाई म्हणाल्या, "तुमची शिट्टी परत हवी असेल तर लवकर घ्या, मला सवय लागतेय."

आणि स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला.

मांडवात सगळं गाव लोटलं होतं. पुढच्या रांगेत नाना, त्यांच्या आई अक्का, पाहुणे. मंचावर टेबल, टेबलावर झबलं घातलेला संगणक. पडद्यावरचं मागच्यांना दिसणार नाही म्हणून 'अ' तुकडीचा एक मुलगा मोठ्यानं वाचून दाखवणार होता. माझ्या वर्गातली पोरं तेल लावून, भांग पाडून एका बाजूला उभी. त्यांच्यापैकी एकानंही आजवर खऱ्या यंत्राला बोट लावलं नव्हतं. आज जमलं नाही तर ती खोली त्यांना कायमची बंद होणार होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. खेळाच्या एवढ्या स्पर्धा पाहिल्या, पण अशी कधी पाहिली नव्हती.

मोठ्या सरांनी शुभकार्याआधी यंत्राची पुन्हा पूजा केली. नारळ, कुंकू, फुलं. नानांनी ओंजळभर अक्षता वाहिल्या.

मंगला खुर्चीवर बसली. तिनं एकदा दोन्ही हात कपाळाला लावले आणि टायपायला सुरुवात केली. पुठ्ठ्यावर घोटलेली बोटं, अशी सरसर चालली की पाहुणे पुढे वाकून बघू लागले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मध्येच पडद्यावर 'एम' उमटलं. मग आणखी एक. मग आणखी. सरळ रांगच लागली!

"आलं! पुन्हा अंगात आलं!" गणपतभाऊ ओरडला. मांडवात कुजबुज सुरू झाली. मोठे सर उठून उभे राहिले आणि त्यांची नजर भिंतीतल्या पिनेकडे गेली. पिन काढली की लिहिलेलं सगळं पुसलं जाणार होतं.

मी बाईंच्या शेजारी होतो. म्हटलं, "बाई, उठा! जा ना वर!"

बाईंचे हात पाठीमागे होते. एका हातानं दुसरं मनगट इतकं घट्ट धरलेलं की बांगड्या रुतल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बसा सर. तिला विचार करू द्या." मग मोठ्या सरांना म्हणाल्या, "सर, एक मिनिट. पिनेला हात लावू नका. तुम्ही आम्हाला आजचा दिवस दिलाय." मोठे सर थबकले.

मंचावर मंगलानं दोन्ही हात वर उचलून धरले होते, चोर नाही हे दाखवावं तसे. पडद्याकडे बघत ती स्वतःशीच, पण माईकमध्ये ऐकू जाईल असं बोलत होती, "मी तं बटन सोडेल आहे. तरी हा चालू राह्यला. म्हंजे ड्रिलच्या सरांसारखं झालं. याले कोनी तरी 'चाल, चाल' म्हनू राह्यलं." मग तिनं मान खाली करून गाल टेबलाला टेकवला आणि कळांच्या फटींतून पाहिलं. उठली. सगळी पेटी दोन्ही हातांनी उचलली, वायरी सांभाळत उलटी धरली आणि सुपाला थापटतात तशी बुडावर थाप मारली. एक थाप. दुसरी थाप.

टेबलावर काहीतरी टपकन पडलं. पडद्यावरची रांग थांबली.

मंगलानं ते चिमटीत उचललं आणि नानांपुढे धरलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. "नाना, हा दाना बटन दाबून बसेल व्हता."

मांडवातले सगळे त्या दाण्याकडे बघत होते. मी मात्र मोठ्या सरांकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर खंडेनवमी दिसली. ती पूजा, त्या अक्षता, कपाटात उभं ठेवताना गळून पडलेला तो दाणा, सगळं. ते सावकाश माईकपाशी आले आणि म्हणाले, "गावकऱ्यांनो, खंडेनवमीला यंत्र बिघडलं तेव्हा मी 'क' तुकडीला दोष दिला. त्या दिवशी अक्षता मी टाकल्या होत्या." एवढं बोलून त्यांनी मंचावरच्या 'अ' तुकडीच्या मुलाकडून किल्ली घेतली आणि मंगलाच्या हातात दिली.

मंगलानं किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "थांबा सर, प्रोग्राम राह्यला." फालतू अक्षरं पुसून ती पुन्हा लिहू लागली! लिहून झालं. यंत्रानं विचारलं, घरात माणसं किती. नाना म्हणाले, "अकरा." यंत्रानं सांगितलं, पावणेचौदा मुठी. पुढच्या रांगेतून अक्का ओरडल्या, "पावणेचौदा बरोबर आहे, पण चौदा घे बाई, देवीपुढे हात आखडू नये!" आणि अख्खा मांडव हसला. माझी पोरं उड्या मारत होती. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. पाठीमागे बांधलेले हात त्यांनी तेव्हा सोडले. मनगटावर बांगड्यांचे वळ उठलेले मी पाहिले. अभिमान म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. तो सांगताना आजही माझा आवाज चढतो, पत्नी म्हणते, हळू बोला.

त्यानंतर आमच्या शाळेत संगणकाची किल्ली एका खिळ्यावर, सगळ्या तुकड्यांच्या हाताला येईल अशी टांगलेली असे. पुढे बाईंनी जळगाव-धुळ्याच्या कितीतरी शिक्षकांना शिकवलं. ज्या शाळेत यंत्र नाही तिथे त्या आधी जायच्या. पिशवीत पुठ्ठे, पाट्या आणि फक्की. एका शिक्षकांनी विचारलं होतं, "बाई, यंत्र आल्यावर बोलावू का?" तर म्हणाल्या, "पोरं आली आहेत ना? मग झालं." माझी 'क' तुकडी आज कुठे कुठे आहे. कुणी केळी वॅगनमध्ये भरून पाठवतो, कुणी एसटीत आहे, कुणी शेतीच करतो. पण पंप बंद पडला, बस अडली की 'कुणी सांगितलं ते शोधा' म्हणणारी ही पोरं आहेत. आणि मंगलाच्या वर्गाबाहेर मैदानावर फक्कीच्या चौकटी दिसतात, हे मी स्वतः बोदवडला जाऊन पाहून आलो आहे. तिचेही हात पाठीमागे होते.

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या. साठी बुद्धी नाठी म्हणतात. ती म्हण करणाऱ्यांना बाई भेटल्या नसाव्यात, कारण परवाच त्यांनी मला विचारलं, "सर, निवृत्त झालात म्हणून फक्की टाकून तर नाही ना दिली?"

समारंभाच्या दिवशी बाईंचं औक्षण होईल आणि आपण सगळे त्यांच्यावर अक्षता टाकू. माझी देवाजवळ एवढीच मागणी आहे की त्यातला एखादा लाल दाणा बाईंच्या आयुष्याच्या बटणाखाली जाऊन घट्ट बसावा. मग एक वर्ष उमटेल, त्यापुढे दुसरं, त्यापुढे तिसरं, ओळीच्या ओळी भरतील, पडदा भरेल, तरी थांबणार नाही. आणि मंगला, तुला तुझ्या ड्रिलच्या सरांची ताकीद आहे. या खेपेला पेटी उलटी करायची नाही!